पिवळा टोमॅटो, नारिंगी टोमॅटो : रंग, गंध आणि एका समजुतीचा इतिहास

पिवळे आणि नारिंगी टोमॅटो लाल टोमॅटोपेक्षा कमी आंबट, अधिक गोड आणि एकंदरीत सौम्य असतात, ही समजूत युरोप-अमेरिकेतील बागकामाच्या पुस्तकांत, बियाण्यांच्या सूचिपत्रांत आणि पाकशास्त्राच्या लेखनात इतकी रुळलेली आहे की तिची तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. फळाचा आंबटपणा जिभेला कळतो आणि तो आम्लांवर अवलंबून असतो. फळाचा स्वाद मात्र बऱ्याच अंशी नाकाला कळतो आणि तो गरातून उडणाऱ्या सूक्ष्म गंधद्रव्यांवर अवलंबून असतो. टोमॅटोच्या रंगावरून त्याच्या आंबटपणाचा अंदाज बांधता येत नाही, गंधाचा मात्र पुष्कळसा बांधता येतो, आणि गंधाच्या बाबतीत पिवळा व नारिंगी हे एकाच गटात बसत नाहीत. ही गल्लत कशी रुजली आणि ती कशी उलगडत गेली, हे समजण्यासाठी या दोन रंगांच्या टोमॅटोंचा सुमारे पाचशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

येथे विचार प्रामुख्याने वारसा वाणांचा आहे. वारसा वाण म्हणजे ज्याचे बी कुटुंबांनी किंवा गावांनी पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवले आणि जे पेरले असता पुढच्या हंगामात तशाच फळाचे झाड येते, असा सरळ वाण. टोमॅटोच्या फुलात परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची नळी बनते, आणि लागवडीतील बहुतेक वाणांत स्त्रीकेसराचे टोक त्या नळीच्या आतच राहत असल्याने परागीभवन मुख्यतः त्याच फुलात घडते; त्यामुळे शेजारच्या वाफ्यात दुसरा वाण लावलेला असला तरी मूळ वाण बऱ्याच अंशी शुद्ध राहतो. घरगुती पातळीवर, कोणत्याही संस्थेच्या मदतीशिवाय, शेकडो रंगांचे आणि आकारांचे टोमॅटो टिकून राहिले यामागे फुलाची ही रचना आहे. इंग्रजीभाषक देशांत अशा वाणांना ‘एअरलूम’ म्हणतात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित बियाण्यांचा प्रसार झाला त्यापूर्वीच्या वाणांपुरतीच ही संज्ञा राखावी असे काही लेखकांचे मत आहे.

टोमॅटोच्या रानटी पूर्वजांचे घर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या प्रदेशात असले तरी मोठ्या फळांचा लागवडीचा टोमॅटो युरोपीयांना प्रथम भेटला तो मेक्सिकोत, आणि तेथे तो एकाच रंगाचा नव्हता. बेर्नार्दिनो दे सहागून या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने नाहुआ सहकाऱ्यांच्या मदतीने सोळाव्या शतकात जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, आणि जो आज ‘फ्लोरेंटाइन कोडेक्स’ या नावाने ओळखला जातो, त्याच्या दहाव्या खंडात बाजारातील टोमॅटो विकणाऱ्याचे वर्णन आहे. त्या वर्णनात मोठे, लहान, वेगवेगळ्या घडणीचे टोमॅटो येतात, आणि रंगांच्या यादीत पिवळ्याच्या निरनिराळ्या छटा लालाच्या छटांच्या बरोबरीने नोंदवलेल्या आहेत. याचा अर्थ असा की, पिवळा टोमॅटो हा नंतरच्या काळातील हौशी बागकामातून निघालेला नवलाईचा प्रकार नसून मेक्सिकोतील पिकाच्या मूळ वैविध्याचाच तो एक भाग होता, आणि ज्या समाजाने हे पीक घडवले त्याच्या दृष्टीने लाल हा टोमॅटोचा एकमेव ‘खरा’ रंग नव्हता.

युरोपातील पहिल्या छापील उल्लेखातही पिवळा रंगच पुढे येतो. सिएना येथे जन्मलेला वैद्य आणि वनस्पतिज्ञ पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली याने १५४४ मध्ये प्राचीन ग्रीक वैद्य डायस्कोरिडीसच्या ग्रंथावर इटालियन भाषेत भाष्य प्रसिद्ध केले. त्यात वांग्याचे वर्णन करताना त्याने नुकत्याच आलेल्या आणखी एका जातीची नोंद केली. ती चपटी आणि फोडींची खाच असलेली, आधी हिरवी आणि पिकल्यावर सोनेरी होणारी असून वांग्यासारखीच तेलात तळून मीठ-मिऱ्यांबरोबर खाल्ली जाते, असे तो सांगतो. १५५४ च्या लॅटिन आवृत्तीत त्याने ‘पोमी दोरो’, म्हणजे सोन्याची सफरचंदे, हे नाव दिले आणि लाल फळांचाही उल्लेख केला. मधल्या काळात, ३१ ऑक्टोबर १५४८ रोजी, फ्लॉरेन्सजवळच्या मळ्यातून आलेली टोमॅटोंची टोपली पिसा येथे कोझिमो दे मेदिची यांच्याकडे सुखरूप पोहोचल्याची नोंद त्यांच्या कारभाऱ्याने पत्रात केली होती. त्या टोपलीतील फळे कोणत्या रंगाची होती हे पत्र सांगत नाही; पण मेदिचींसारख्या घराण्याकडे ती पाठवण्याजोगी आणि पत्रात नोंदवण्याजोगी वस्तू मानली जात होती, एवढे त्यावरून दिसते.

सोळाव्या शतकातील चित्रेही याच वैविध्याची साक्ष देतात. जर्मन वनस्पतिज्ञ लेओनहार्ट फुक्स याच्या अप्रकाशित राहिलेल्या आणि आज व्हिएन्नात असलेल्या हस्तलिखितात टोमॅटोचे चित्र आहे. त्यात एकाच झाडावर वेगवेगळ्या रंगांची फळे दाखवली आहेत, कारण त्या काळच्या चित्रकारांना एका पानावर वनस्पतीचे सर्व ज्ञात प्रकार आणि पिकण्याच्या सर्व अवस्था दाखवायच्या असत. इंग्लंडमध्ये जॉन जेरार्ड याने १५९७ च्या आपल्या वनस्पतिग्रंथात लाल फळाचे वर्णन केल्यावर पिवळ्या फळाचा वेगळा प्रकारही आपल्या हाती आल्याचे नमूद केले. परंतु या लेखकांना रंगानुसार चवीची तुलना करण्यात रस नव्हता. त्यांच्या दृष्टीने टोमॅटो ही प्राचीन वैद्यकाच्या परिभाषेत ‘थंड’ आणि ‘ओली’ प्रकृतीची वस्तू होती, तिच्यापासून शरीराला पोषण फारसे मिळत नव्हते आणि झाडाला उग्र वास येत होता. लाल काय किंवा पिवळा काय, दोघांवरही हाच शेरा बसत असे. नेपल्समध्ये अंतोनिओ लातिनी याच्या १६९२ आणि १६९४ मध्ये दोन भागांत निघालेल्या पाकग्रंथात ‘स्पॅनिश पद्धतीची’ टोमॅटोची चटणी आली, आणि त्यानंतर दक्षिण युरोपात टोमॅटो हळूहळू स्वयंपाकातला नित्याचा घटक झाला. पातेल्यात शिजून आटणाऱ्या रसासाठी गडद लाल फळ पसंत पडू लागले आणि इटलीत ‘सोन्याची सफरचंदे’ हे नाव लाल फळालाच चिकटून राहिले.

चवीनुसार रंगांची खरी वाटणी झाली ती एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत. फिअरिंग बर यांच्या १८६३ च्या भाजीपाल्यावरील ग्रंथात पिवळ्या टोमॅटोंचे मोठे, नाशपातीच्या आकाराचे, आलुबुखाराएवढे आणि चेरीएवढे असे निरनिराळे प्रकार नोंदवलेले दिसतात. अमेरिकी घरांत लहान पिवळ्या टोमॅटोंचा मुख्य उपयोग मुरांब्यासाठी होत असे. साखरेच्या पाकात शिजवून आणि वाळवून त्यांचे अंजिरासारखे तुकडे करण्याची रीतही प्रचलित होती. येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. साखरेत मुरवलेल्या पदार्थात फळाचा स्वतःचा आंबटपणा दबतो, आणि ज्या वाणाची ओळखच मुरांब्यातून होते तो वाण ‘गोड’ या सदरात जाऊन बसतो. पिवळ्या टोमॅटोच्या सौम्यपणाचा लौकिक फळाच्या अंगच्या गुणाइतकाच त्याच्या या वापरातूनही आलेला असावा, असे मानायला जागा आहे.

मोठ्या पिवळ्या टोमॅटोला प्रतिष्ठा देण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न ओहायो राज्यातील रेनॉल्ड्सबर्गच्या अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन यांनी केला. खाचा असलेल्या, आत पोकळ राहणाऱ्या जुन्या फळांऐवजी गुळगुळीत आणि भरीव गराचे फळ मिळावे म्हणून त्यांनी अनेक वर्षे निवड केली आणि १८७० मध्ये ‘पॅरागॉन’ हा लाल वाण बाजारात आणला. १८८२ मध्ये त्यांच्या संस्थेने ‘गोल्डन क्वीन’ हा पिवळा वाण दिला. तो लाल वाणांइतकाच गुळगुळीत आणि घट्ट होता व पूर्ण पिकल्यावर फळाच्या तळाशी किंचित गुलाबी झाक येत असे. परंतु सूचिपत्रांत अशा वाणांची शिफारस मुख्यतः मुरांब्यासाठी किंवा ताटात लाल चकत्यांच्या शेजारी पिवळ्या चकत्या मांडून शोभा आणण्यासाठी केली जाई. पिवळ्याला लालाच्या बरोबरीने बाजारपेठ मिळाली नाही, कारण तोवर बाजारपेठेचे स्वरूपच बदलत होते.

हा बदल डबाबंद टोमॅटोने आणि केचपने घडवला. १८४७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथे हॅरिसन क्रॉस्बी यांनी टिनच्या डब्यांत टोमॅटो भरले, आणि अमेरिकी यादवी युद्धानंतर हा व्यवसाय वेगाने पसरला. डब्यातील किंवा बाटलीतील माल ग्राहकाला आधी चाखता येत नाही, म्हणून रंग हीच त्याच्या दर्जाची खूण ठरली. फिका किंवा तपकिरी रस म्हणजे कच्चा, शिळा किंवा भेसळीचा माल, आणि गडद लाल रस म्हणजे पिकलेल्या फळांचा माल, असा संकेत रूढ झाला. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९३८ च्या कायद्यान्वये खाद्यपदार्थांची जी पहिली मानके १९३९ मध्ये लागू केली ती टोमॅटोच्याच डबाबंद पदार्थांची होती, आणि केचपच्या मानकात तो लाल किंवा लालसर वाणांच्या पक्व टोमॅटोंपासून केलेला असावा असे स्पष्ट बंधन आले. ताज्या टोमॅटोची पक्वता हिरवा, रंग फुटलेला, पालटता, गुलाबी, फिकट लाल आणि लाल अशा पायऱ्यांनी मोजण्याची अमेरिकी पद्धतही लाल गराच्या वाणांसाठीच आखलेली आहे. या चौकटीत पिवळ्या आणि नारिंगी फळाला पक्वतेची पायरीच उरली नाही. ते घरच्या बागेपुरते, भेट म्हणून दिलेल्या बियांपुरते आणि प्रदर्शनातील टेबलापुरते राहिले.

उद्योगातून बाहेर पडलेल्या या फळांना नंतर एक नवी ओळख मिळाली : ‘कमी आम्लाचा’ टोमॅटो. ज्यांना लाल टोमॅटो पचायला आंबट वाटतो त्यांच्यासाठी पिवळा, अशी जाहिरात होऊ लागली. घरगुती डबाबंदीच्या दृष्टीने हा प्रश्न गंभीर होता, कारण अन्नातील आम्लता मोजण्याचा निर्देशांक, म्हणजे सामू, ४.६ पेक्षा वर गेला तर बंद बरणीत ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ हा प्राणघातक विष निर्माण करणारा जिवाणू वाढू शकतो. सामूचा आकडा जितका कमी तितकी आम्लता अधिक. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी विभागाच्या संशोधकांनी निरनिराळ्या वाणांचे सामू मोजले, तेव्हा फळाच्या रंगावरून किंवा ‘कमी आम्लाचा’ या जाहिरातीवरून सामूचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही असे दिसून आले. अनेक पिवळे वाण लाल वाणांइतकेच आम्ल होते आणि काही लाल वाण सीमारेषेच्या जवळ जाणारे होते. अतिपक्वता, वेलीची स्थिती आणि हंगाम यांचा परिणाम रंगापेक्षा मोठा होता. त्यामुळे पुढे सरकारी मार्गदर्शिकेने रंगाचा भेद न करता सर्वच टोमॅटोंच्या पाइंटभर बरणीत एक मोठा चमचा बाटलीबंद लिंबूरस घालण्याचा नियम केला. काही पिवळे टोमॅटो जिभेला कमी आंबट लागतात, ही लोकांची नोंद मात्र खोटी नव्हती. ती का लागतात याचे उत्तर आम्लात नव्हते, एवढेच.

उत्तराचा कच्चा माल बागांमध्ये टिकून होता. १९७५ मध्ये केंट व्हीली आणि डायान ऑट व्हीली यांनी मिसुरी राज्यात बी-राख्यांचे जे जाळे उभारले, आणि जे पुढे ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या नावाने आयोवातील डेकोरा येथे स्थिरावले, त्याच्या वार्षिक यादीतून सभासद एकमेकांना बी पाठवू लागले. या देवाणघेवाणीत पिवळ्या आणि नारिंगी वाणांचे एक मोठे दालन उघडले. ओक्लाहोमातील ह्यूगो येथील दंतवैद्य जॉन वायची हे या जाळ्याच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक; सर्कशीशी संबंध असल्याने ते आपल्या बागेला हत्तींच्या शेणाचे खत घालत असे सांगितले जाते, आणि त्यांनी पाठवलेला पिवळा, भरीव गराचा वाण आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ‘केलॉग्ज ब्रेकफास्ट’ हा मोठा नारिंगी वाण नावामुळे न्याहारीच्या पोह्यांच्या कंपनीशी जोडला जातो, पण त्याचा संबंध मिशिगनमधील त्याच आडनावाच्या एका बागायतदाराशी आहे. आयोवातील अमाना वसाहतींचे नाव घेतलेला ‘अमाना ऑरेंज’, बैलगाडीतून पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांनी नेलेला आणि नववधूंना बी देण्याच्या प्रथेशी जोडला गेलेला ‘नेब्रास्का वेडिंग’, फ्रान्सचा जर्दाळूएवढा ‘झोन फ्लामे’, रशियाचा पिवळा ‘आझोइच्का’ अशी ही यादी लांबते. या वाणांबद्दल बी-राख्यांनी लिहिलेली वर्णने एकमेकांशी जुळणारी नाहीत. ‘आझोइच्का’ला लिंबूवर्गीय फळाची धार असल्याचे सांगितले जाते, ‘यलो पेअर’ या लहान पिवळ्या वाणाला कित्येकजण मिळमिळीत म्हणतात, आणि मोठ्या नारिंगी वाणांच्या वर्णनात पिकलेल्या फळांचा वास, दाट गर आणि गोडी हे शब्द पुन्हापुन्हा येतात. ‘पिवळा म्हणजे सौम्य’ हे सूत्र या विविधतेला पुरत नव्हते.

रंगाचा उलगडा आधी अनुवंशशास्त्राने केला. १९०८ मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रातील एच. एल. प्राइस आणि ए. डब्ल्यू. ड्रिंकार्ड यांनी टोमॅटोच्या संकरांची जी मांडणी प्रसिद्ध केली तीत लाल गर पिवळ्या गरावर प्रभावी ठरतो आणि सालीचा पिवळेपणा बिनरंगी सालीवर प्रभावी ठरतो, असे दाखवले. म्हणजे डोळ्यांना दिसणारा रंग हा गर आणि साल या दोन स्वतंत्र गोष्टींचा मिलाफ असतो : लाल गरावर बिनरंगी साल आली की फळ गुलाबी दिसते, पिवळ्या गरावर पिवळी साल आली की ते सोनेरी दिसते आणि बिनरंगी साल आली की फिकट लिंबाच्या रंगाचे. गराचा रंग मुख्यतः कॅरोटीनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो, आणि ही रंगद्रव्ये झाडात टप्प्याटप्प्याने तयार होतात. पहिल्या टप्प्यावर दोन लहान रेणू जोडून चाळीस कार्बन अणूंचा बिनरंगी फायटोईन बनतो. त्यापासून पायरीपायरीने लायकोपीन हे लाल द्रव्य आणि त्यापासून पुढे बीटा-कॅरोटीन हे नारिंगी द्रव्य बनते. १९९३ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातील रूपर्ट फ्रे आणि डॉनल्ड ग्रिअरसन यांनी दाखवले की, पिवळ्या गराच्या टोमॅटोत फळातील फायटोईन बनवणारे जनुकच निकामी झालेले असते. पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेतले तर पिवळ्या टोमॅटोत मुखाशीच फळी टाकलेली आहे, त्यामुळे खाली काहीच पोहोचत नाही. लाल रंग येत नाही आणि नारिंगीही येत नाही, उरतो तो इतर द्रव्यांचा फिका पिवळेपणा.

नारिंगी टोमॅटोत फळी मुखाशी नसते. पारंपरिक नारिंगी वाणांमध्ये वारंवार आढळणारा ‘टँजरिन’ नावाचा प्रकार १९४१ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये तपासला गेला. लास्लो झेखमाइस्टर, फ्रिट्स वेंट, लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात लायकोपीनचेच पण वेगळ्या वळणाचे रूप सापडले आणि त्याला प्रोलायकोपीन म्हटले गेले. २००२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील योसेफ हिर्शबर्ग यांच्या गटाने स्पष्ट केले की, या रेणूची वळणे सरळ करणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, टँजरिन टोमॅटोत काम करत नाही. त्यामुळे प्रोलायकोपीन आणि त्याच्या आधीच्या पायऱ्यांवरील द्रव्ये भरपूर साचतात. नारिंगी रंगाचा दुसरा मार्ग त्याच्याही पुढचा आहे. गालापागोस बेटांवरील रानटी टोमॅटोंची फळे नारिंगी-पिवळी असतात, कारण त्यांच्यात लायकोपीनचे बीटा-कॅरोटीनमध्ये रूपांतर जोरात होते. असाच गुण दुसऱ्या एका रानटी जातीतून आणून पर्ड्यू विद्यापीठाने १९५० च्या दशकात ‘कॅरो-रेड’ हा वाण तयार केला. तो वारसा वाण नसला तरी पुढच्या संशोधनात महत्त्वाचा ठरला, आणि नारिंगी रंगाचे दोन टोमॅटोही रसायनाच्या दृष्टीने एकमेकांपासून दूर असू शकतात हे त्याने दाखवून दिले.

या रंगद्रव्यांचा चवीशी संबंध येतो तो त्यांच्या मोडण्यातून. कॅरोटीनॉइडचा लांब रेणू ठरावीक जागी तुटला की त्याचे लहान तुकडे हवेत उडू लागतात आणि ते नाकाला कळतात. १९७० मध्ये एम. ॲलन स्टीव्हन्स यांनी निरनिराळ्या रंगांच्या टोमॅटोंमधील कॅरोटीनॉइडांचे प्रमाण आणि या उडत्या द्रव्यांचे प्रमाण यांचा संबंध मांडला. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील अल्बनी येथे रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताज्या टोमॅटोतील गंधद्रव्ये मोजून दाखवले की, टोमॅटोत अशी शेकडो द्रव्ये असली तरी स्वाद घडवणारी त्यांतली फार थोडी आहेत. बीटा-आयोनोन हे द्रव्य तर इतक्या अल्प प्रमाणात नाकाला कळते की, पाण्याच्या अब्जावधी भागांत त्याचा एका भागाचाही अंश पुरतो. २००४ मध्ये कॅरोटीनॉइडचा रेणू तोडणारे एक विकर टोमॅटोत ओळखले गेले, आणि त्याच सुमारास इस्राएलमधील एफ्राइम लेविनसन यांच्या गटाने वेगवेगळ्या रंगांचे टोमॅटो आणि कलिंगडे यांची तुलना करून रंग आणि गंध हे एकाच साखळीचे दोन परिणाम आहेत असे प्रतिपादन केले. लायकोपीनपासून ताज्या टोमॅटोचा ओळखीचा, किंचित गोडसर आणि फळांचा वास येतो. बीटा-कॅरोटीनपासून बीटा-आयोनोन मिळून व्हायोलेट फुलांचा आणि रासबेरीचा वास येतो. आणि साखळीतील आधीच्या द्रव्यांपासून जेरानिल ॲसिटोनसारखी फुलांच्या वासाची द्रव्ये येतात.

आता पिवळ्या आणि नारिंगी वारसा वाणांची तुलना नेमकेपणाने मांडता येते. पिवळ्या गराच्या फळात कॅरोटीनॉइड फारच थोडे असल्याने त्यांच्यापासून येणारा गंधही थोडा असतो. त्यामुळे जिभेला जाणवणारी साखर आणि आम्ल, तसेच पानांसारखा हिरवट वास देणारी मेदापासूनची द्रव्ये, यांचाच स्वाद पुढे येतो. अशा फळात साखर भरपूर असेल तर ते स्वच्छ गोड लागते, आम्ल भरपूर असेल तर लिंबासारखे धारदार लागते, आणि दोन्ही कमी असतील तर पाणचट लागते, कारण उणीव झाकणारा गंध तेथे नसतो. ‘आझोइच्का’ची धार आणि ‘यलो पेअर’चा मिळमिळीतपणा या दोन्ही गोष्टी त्यामुळे एकाच रंगात शक्य होतात. नारिंगी फळात, विशेषतः टँजरिन प्रकारात, कॅरोटीनॉइडांचा साठा लाल फळाच्या तोडीचा असू शकतो, फक्त त्यांचा प्रकार वेगळा असतो; म्हणून त्यांचा गंध लाल टोमॅटोपेक्षा कमी नसून वेगळ्या दिशेचा, फुलाफळांकडे झुकणारा असतो. ज्या चवीला लोक ‘सौम्य’ म्हणत आले ती पिवळ्याच्या बाबतीत गंधाचे उणेपण आहे आणि नारिंगीच्या बाबतीत गंधाचे वेगळेपण आहे. पिवळ्या गरात लाल पट्टे असलेली मोठी दुरंगी फळे या दोहोंच्या मध्ये पडतात, कारण त्यांच्यात गराच्या काही भागांत लायकोपीन तयार होते.

गंधाचे महत्त्व केवळ सुवासापुरते नाही. फ्लोरिडा विद्यापीठात हॅरी क्ली, डेनिस टीमन आणि लिंडा बार्तोशुक यांनी बहुतांशी वारसा वाण घेऊन केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टोमॅटोतील काही उडती द्रव्ये साखरेचे प्रमाण तेवढेच असतानाही फळ अधिक गोड असल्याची जाणीव निर्माण करतात असे आढळले. त्यामुळे नारिंगी वाण लाल वाणापेक्षा गोड लागला, तरी त्याच्यात साखर जास्त असेलच असे नाही. याच गटाने २०१७ मध्ये सुमारे चारशे आधुनिक, पारंपरिक आणि रानटी वाणांची तुलना करून, फळ मोठे आणि टिकाऊ करण्याच्या ओघात आधुनिक वाणांनी स्वादाची कित्येक द्रव्ये गमावली असे दाखवले. २०१२ मध्येच प्रकाशित झालेल्या आणखी एका संशोधनाने जुन्या वाणांच्या देठाजवळच्या हिरव्या खांद्याचे रहस्य उकलले. विसाव्या शतकात फळ एकसारखे रंगावे म्हणून जो गुण निवडला गेला त्याने कच्च्या फळातील हरितलवके कमी होतात आणि त्याबरोबर साखरही. अनेक पिवळे आणि नारिंगी वारसा वाण पिकल्यावरही खांद्यावर हिरवट-पिवळे राहतात. ते दिसायला उणे वाटले तरी चवीच्या दृष्टीने जमेची बाजू ठरते.

अशी तुलना करताना काही खबरदारी घ्यावी लागते. लाल टोमॅटोत लायकोपीनची निर्मिती सुमारे तीस अंश सेल्सियसच्या वर मंदावते, त्यामुळे कडक उन्हाळ्यात लाल वाणही नारिंगीकडे झुकतो, आणि त्याचा गंधही बदलतो. पिवळे फळ पूर्ण पिकले की नाही हे रंगावरून सहज कळत नाही, म्हणून ते बरेचदा थोडे कच्चेच तोडले जाते आणि हिरवटपणाचा दोष वाणाच्या माथी बसतो. बोटाला लागणारा मऊपणा आणि गडद होणारी सोनेरी छटा याच त्याच्या पक्वतेच्या खुणा आहेत. शीतकपाटातील पाच अंश तापमानात आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोतील गंध बनवणारी जनुके मंद होतात, हे २०१६ च्या अभ्यासाने दाखवले; गंधावरच भिस्त असलेल्या नारिंगी फळाचे त्यात अधिक नुकसान होणे स्वाभाविक आहे. शिवाय पिवळे काही दिसले की सौम्य चवीची अपेक्षा आधीच तयार होते. म्हणूनच स्वाद-चाचणीच्या प्रयोगशाळांत परीक्षकांना लाल दिव्याच्या उजेडात नमुने देण्याची पद्धत आहे, जेणेकरून जिभेचा आणि नाकाचा निर्णय डोळ्यांनी आधीच घेऊन टाकू नये.

टोमॅटोच्या रंगाचा इतिहास बऱ्याच अंशी डोळ्यांच्या निर्णयांचा इतिहास आहे. मात्तिओलीने सोनेरी रंग पाहून फळाला ओळख दिली, मुरांबे करणाऱ्यांनी त्याला गोड ठरवले, डबाबंद मालाच्या व्यापाऱ्यांनी लाल नसलेल्या फळाला बाहेर ठेवले आणि जाहिरातदारांनी त्याला कमी आम्लाचे म्हटले. यांतल्या एकाही टप्प्यावर गंध मोजला गेला नव्हता, कारण तो मोजण्याची साधने नव्हती. त्याच वेळी घरोघरी ज्यांनी ही बियाणी राखली त्यांनीही बहुधा रंगासाठी, नावासाठी किंवा कुटुंबाच्या आठवणीसाठीच ती राखली होती. पण रंग राखताना त्यांनी नकळत कॅरोटीनॉइडांच्या साखळीतील निरनिराळे अडथळेही राखले, आणि त्यांच्याबरोबर गंधाच्या निरनिराळ्या घडणीही. औद्योगिक वाणांच्या एकसारख्या लाल रंगातून असा पुरावा मिळणे शक्य नव्हते. म्हणून पिवळ्या आणि नारिंगी वारसा वाणांकडे लाल टोमॅटोच्या सौम्य आवृत्त्या म्हणून पाहण्यापेक्षा टोमॅटोच्या स्वादाच्या स्वतंत्र शाखा म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरते. पिवळा वाण निवडताना त्यातील साखर आणि आम्ल यांचा समतोल पाहावा, नारिंगी वाण निवडताना गंधाची दिशा पाहावी, आणि आंबटपणाचा प्रश्न असेल तर रंग बाजूला ठेवून त्या विशिष्ट वाणाची चव घ्यावी, हाच या इतिहासातून निघणारा व्यवहार्य निष्कर्ष आहे.